होनवाडीचं न पडणारं माळवद

होनवाडीच्या वेशीबाहेर, नळदुर्गाकडं जाणाऱ्या गाडीवाटेच्या कडेला सात घरांची पेठ होती. त्यातलं तिसरं घर वीरप्पा वाण्याचं. पुढं गूळ-मिठाचं दुकान, मागं तीन खणांचं घर आणि वर माळवद. म्हणजे लाकडी तुळया, तुळयांवर आडवी किलचं म्हणजे बारक्या फळ्या, किलचांवर लिंबाचा पाला आणि त्यावर पांढरी माती. अशी माळवदं गावात घरोघर होती. पण वीरप्पाच्या वडलांचा, नागप्पाचा, मातीवर जरा जास्तच विश्वास होता.

उन्हाळा सरता सरता जुनी माती खरवडून काढायची आणि नवी घालायची, असा सगळ्यांचा रिवाज. नागप्पानं त्यातला घालायचा तेवढा भाग उचलला. खरवडणं त्याच्या जिवावर यायचं. दरसाल गाडीभर माती वर चढवायची आणि लाकडी धुमसानं ठोकायची, असं त्यानं चाळीस वर्षं केलं. तो वारला तेव्हा माळवद मांडीएवढं जाड झालं होतं. लिंगायतांत माणूस गेल्यावर पुरतात. गावातले टगे म्हणाले, नागप्पासाठी खड्डा खणायची गरज न्हाय, वरच ऐसपैस जागा हाय.

या घरात रुद्रम्मा पंधराव्या वर्षी सून म्हणून आली आणि आता पंचेचाळिशीला टेकली होती. एवढ्या वर्षांत तिनं भाकरीबरोबर किती माती खाल्ली याचा हिशोब शंकराकडंच असेल. मधल्या खणाची तुळई बाळंतपणाला आलेल्या बाईच्या पोटासारखी खाली आली होती. उतरंडीत माती, अंथरुणात माती, ताकात माती. वीरप्पाला त्याचं काही नव्हतं. तो रोज सकाळी हातावर इष्टलिंग घेऊन डोळे मिटून बसायचा आणि वरून डोक्यावर माती पडली तर ती विभूती समजून कपाळाला लावायचा.

"आवो, येक दिस हे सगळं खाली येतंय," रुद्रम्मा म्हणायची.

"बापाचं छप्पर हाय. शिव बसलाय वर."

"शिव बसलाय म्हणूनच तुळई वाकली. त्याला उतरा म्हणावं."

माळवदाचा राग नागप्पावर काढता येत नव्हता, म्हणून ती तो लिंबाजी सुतारावर काढायची. तुळया बसवल्या होत्या लिंबाजीच्या बापानं. लिंबाजी मीठ घ्यायला आला की ती मीठ मोजता मोजता म्हणायची, "तुझ्या बानं तुळया बसवल्या का वैरणीची धाटं?" लिंबाजी पन्नाशीचा, बुटका आणि मुका वाटावा इतका गरीब. तो पुडी घेऊन निघून जायचा. पण वेशीपाशी गेल्यावर मागं वळून पुटपुटायचा.

असंच आणखी तीस वर्षं चाललं असतं. पण माघात मठाचे स्वामी पाद्यपूजेला आले.

वीरप्पानं मधल्या खणात पाट मांडला, घोंगडी अंथरली. स्वामी वजनदार होते, ज्ञानानं आणि तसेही. वीरप्पानं पाय धुतले, फुलं वाहिली. पेठेतली सगळी माणसं हात जोडून बसली. स्वामींनी डोळे मिटून देहाच्या क्षणभंगुरतेवर बोलायला सुरुवात केली. देह म्हणजे जुनं वस्त्र, त्याचा मोह नको, असं ते सांगत होते. एवढ्यात तुळईजवळून एक ढेकूळ सुटलं आणि त्यांच्या मांडीवर येऊन फुटलं. ढेकळातून बोटाएवढा काळा विंचू निघाला. तो नांगी वर करून स्वामींच्या पोटाकडं निघाला.

स्वामींचा वेग गावानं पहिल्यांदाच पाहिला. पाट एकीकडं, फुलं एकीकडं. स्वामी थेट पेठेच्या टोकाच्या विहिरीपाशी जाऊन थांबले. खडावा घरातच राहिल्या. रुद्रम्मानं पदर तोंडात कोंबला, पण खांदे हलत होते ते काही लपेनात.

स्वामी तिथूनच बोलले, "वीरप्पा, छप्पर बदलल्याबिगर आमी ह्या घरात पाय टाकनार न्हाय."

तीस वर्षं बायको सांगत होती ते वीरप्पाला ऐकू आलं नव्हतं. स्वामींचं एक वाक्य ऐकून तो रात्रभर कूस बदलत राहिला. सकाळी लिंगपूजा आवरून म्हणाला, "अगं, छप्पर बदलू."

"पत्रा टाकायचा," रुद्रम्मा लगेच म्हणाली. तिनं नळदुर्गच्या दवाखान्यावर पत्रा पाहिला होता. स्वच्छ, चकचकीत. त्यातून माती पडायला त्यात माती नव्हतीच.

लिंबाजीला बोलावलं. त्यानं मान हलवली. "पत्रा कुठनं आनता आक्का? लढाई चाललीय. समदं लोखंड बंदुकीला चाललंय. आता कचेरीतनं परवाना लागतोय."

म्हणून नवरा-बायको बैलगाडी जुंपून तालुक्याला गेले. कचेरीच्या वडाखाली अर्जनवीस बसायचा. वाकडी टोपी, पुढं दौत, उर्दूत अर्ज लिहायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि लेखणी खाली ठेवली.

"पत्रा फक्त पडलेल्या घराला मिळतो. तुमचं घर पडलंय का?"

"न्हाय," वीरप्पा म्हणाला. तो खोटं बोलत नसे. दुकानातही नाही. म्हणूनच दुकान चालत नव्हतं.

"पडलंय," रुद्रम्मा म्हणाली.

अर्जनवीसानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्यानं असे नवरा-बायको पुष्कळ पाहिले असणार. "कुणाला लागलं बिगलं? तसं असलं तर अर्ज वर जातो."

रुद्रम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. "ह्यास्नी लागलंय की. डोक्यात."

"मला?" वीरप्पा म्हणाला.

"बगा, त्यास्नी आठवत बी न्हाय."

अर्जनवीसानं मान डोलवली आणि लिहायला घेतलं. घर जमीनदोस्त, मालकाच्या मेंदूला इजा, कुटुंब उघड्यावर. महसूल खात्याचे गिरदावर साहेब आठ दिवसांत पंचनाम्याला येतील, असं त्यानं सांगितलं.

परत येताना वीरप्पा वाटभर गिरदावराचाच विचार करत होता. शेवटी म्हणाला, "साहेब आले आन् घर उभंच दिसलं तर?"

"उभं कशाला दिसंल? तीस वर्सं पडाय टेकलंय. जरा हात लावला की आलं खाली."

दुसऱ्या दिवशी दोघांनी दुकानातलं सामान, उतरंड, देव, सगळं मागच्या गोठ्यात नेलं. म्हशीनं आधी त्रास दिला, मग तिला सवय झाली. रुद्रम्मानं लिंबाजीला निरोप धाडला. तो आला आणि काय करायचंय ते ऐकून दारातच बसला.

"म्या न्हाय पाडनार आक्का. बानं बसवल्याल्या तुळया हायत."

"धाटं म्हन की. आपसूक पडत्यात, तू नुसता मधला खांब काढ."

हे मात्र लिंबाजीला लागलं. तो उठला, मधल्या तुळईखालचा खांब घणानं ठोकून ठोकून सोडवला आणि उडी मारून बाहेर आला. सगळे अंगणात पळाले. वीरप्पानं डोळे मिटले.

काहीच झालं नाही. तुळई कुरकुरली, चार बोटं खाली आली आणि थांबली. चाळीस वर्षं ठोकलेली माती दगडासारखी एकजीव झाली होती. खांब असला काय, नसला काय, तिला फरक पडत नव्हता.

"ओढा," रुद्रम्मा म्हणाली.

दुसऱ्या सकाळी तुळईला चऱ्हाट बांधलं, दारातून बाहेर काढून बैलांना जुंपलं. एव्हाना पेठ जमली होती. कुणी म्हणे उजवीकडून ओढा, कुणी म्हणे बैल बदला. शांतम्मा शेजारीण भाजी निवडायची परडी घेऊनच आली आणि ओट्यावर बैठक मारून बसली. बैलांनी दोनदा जोर लावला. तिसऱ्यांदा चऱ्हाट तुटलं. बैल गुडघ्यावर आले, हाकणारा बघ्यांच्या अंगावर गेला. माळवद होतं तिथंच.

तिसऱ्या दिवशी पाणी. रुद्रम्मानं शेजारणींची रांग लावली आणि विहिरीवरून चाळीस घागरी वर नेऊन ओतल्या. मातीनं सगळं पाणी पिऊन टाकलं. गावच्या कुलकर्ण्याची ढेरी पंगतीत कढी पिते तसं. खाली एक थेंब आला नाही.

लिंबाजी वळचणीला उभा राहून हे सगळं बघत होता. तीन दिवसांत त्याची मान इंचाइंचानं वर आली होती. आता तर तो छाती काढून उभा होता.

"लई वैरणीची धाटं दिसत्यात, आक्का," तो म्हणाला.

रुद्रम्माच्या केसांत चिखल होता, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. तिनं हातातली घागर भुईवर आदळली. त्या पडत नसलेल्या छपराचा तिला इतका राग आला की ते खरंच डोक्यावर पडलं असतं तरी बरं, असं वाटलं.

आणि त्याच दुपारी, सांगितल्यापेक्षा बरेच दिवस आधी, गिरदावर साहेब आले.

हमीदसाहेब घोड्यावरून आले होते. फाल्गुनाचं ऊन, बारा वाजलेले, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत. तोंड लालबुंद झालं होतं. त्यांनी घोड्यावरूनच पाहिलं. घर उभं. भिंती उभ्या. मालक समोर उभा, डोकं शाबूत.

"वीरप्पा बिन नागप्पा का मकान किधर गिरा है?"

शांतम्मानं परडी उचलली आणि घरी गेली. वीरप्पा पुढं झाला. "साहेब, घर ते हेच. पडलं न्हाय अजून. पर तुमी आत जाऊ नका, खांब काढलाय."

"ह्यांच्या डोक्याला लागलंय, साहेब," रुद्रम्मा मागून म्हणाली. "कायबी बोलत्यात."

हमीदसाहेबांना ऊन इतकं लागलं होतं की त्यांना फक्त "आत" हा एकच शब्द ऐकू आला. ते घोड्यावरून उतरले आणि सरळ दारातून मधल्या खणात गेले. बाहेर तवा तापलेला, आत मात्र रांजणाच्या बुडासारखा गारवा. मांडीएवढी माती, त्यावर चाळीस घागरी पाणी. साहेबांनी शेरवानी काढली, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "या अल्ला. क्या ठंडक है. पानी लाओ."

पाणी दिलं. पाण्याबरोबर काहीतरी द्यावं म्हणून रुद्रम्मानं गोठ्यातून हुग्गी आणली. सकाळीच गहू शिजवून गूळ घातलेली. साहेबांनी एक वाडगा खाल्ला, दुसरा मागितला. तिसरा खाता खाता त्यांचे डोळे मिटले. घोंगडी पाण्याबरोबरच आणून अंथरली होती. ते तिच्यावर आडवे झाले आणि घोरायला लागले. बरोबर मधल्या तुळईच्या खाली.

बाहेर तिघं एकमेकांकडं बघत उभे राहिले.

"उठवा की," वीरप्पा कुजबुजला.

"सरकारी मानसाला झोपंतनं कोन उठवनार?" लिंबाजी म्हणाला. "तुमी उठवा, तुमच्या डोक्याला लागलंय."

तेवढ्यात कुर्रर्र आवाज झाला. लिंबाजीनं मान वर केली आणि त्याचा चेहरा बदलला. त्याला लाकडाची भाषा कळत होती. तीन दिवस न बोललेली तुळई आता बोलत होती. पाणी हळूहळू खाली उतरलं होतं, माती मऊ होत होती. साहेबांच्या पोटावर एक बारकं ढेकूळ पडलं. पोट वर झालं, खाली झालं, ढेकूळ घरंगळलं. घोरणं चालूच.

"साहेब मेले तर फाशी हाय," लिंबाजी म्हणाला.

आता जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. तिघंही एकदम आत शिरले. लिंबाजीनं अंगणातला खांब आणला. पण तुळई चार बोटं खाली आलेली, खांब सरळ बसेना. मग त्यानं तो तिरपा लावला. वरचं टोक तुळईखाली, खालचं सारवलेल्या भुईवर. भुई गुळगुळीत, खांबाचा बुडखा सरकायला लागला. रुद्रम्मा खाली बसली, पाठ बुडख्याला लावली आणि पाय भिंतीला टेकले. वीरप्पा तिच्या शेजारी तसाच बसला. लिंबाजीनं वरून खांबाला मिठी मारली.

तीन दिवस माळवद पाडायला झटणारी माणसं आता ते पडू नये म्हणून जीव टाकत होती.

वीरप्पा पुटपुटायला लागला, "नमः शिवाय, नमः शिवाय."

"हळू म्हना. साहेब उठतील."

"उठले तर बरं न्हाय का?"

रुद्रम्माला हे आधी सुचलं नव्हतं. तिनं थोडा विचार केला. "आपल्याला आसं बसल्यालं बगतील की."

तसेच तिघं बसले. ऊन उंबऱ्यावरून दोन हात आत आलं. रुद्रम्माच्या कमरेत कळ गेली. नवऱ्याचा खांदा तिच्या खांद्याला घासत होता. लग्नात पाटावर बसले होते त्यानंतर इतका वेळ दोघं शेजारी बसले नव्हते. त्याला घाम सुटला होता, पण तो हलला नाही. एकदा खांब सरकला तेव्हा त्यानं आपली पाठ पुढं करून तिचा भार घेतला. रुद्रम्मानं त्याच्याकडं तिरकं पाहिलं. ह्या माणसाचा काही उपयोग होतो, हे तिला नवीनच होतं.

"आक्का," लिंबाजी वरून हळूच म्हणाला, "दुसऱ्या कुनाची तुळई आसती तर कवाच मोडली आसती."

"व्हय रे बाबा. गप धर."

हमीदसाहेब जागे झाले तेव्हा त्यांना आधी तुळई दिसली, मग तिच्याखालचा तिरपा खांब, मग खांबाला चिकटलेला सुतार आणि त्याच्या पायथ्याशी घामानं निथळणारी दोन वयस्क माणसं. ते बराच वेळ तसेच पडून राहिले. मग फार हळू उठले, शेरवानी उचलली, जोडे हातात घेतले आणि भिंतीच्या कडेकडेनं बाहेर गेले. बाहेरून त्यांनी विचारलं, "कितने घंटे?"

"दोन आडीच," लिंबाजी म्हणाला.

"मेरे वास्ते?"

"व्हय साहेब," वीरप्पा म्हणाला. मग त्याच्यानं राहवलं नाही. "आन् फाशी लागू नये म्हनून बी."

साहेब हसले. पोट धरून हसले. लिंबाच्या सावलीत बसून त्यांनी दप्तर उघडलं. वीरप्पानं तिथं जाऊन सगळं खरं सांगितलं. अर्ज, डोक्याची इजा, बैल, घागरी. रुद्रम्मा दारात डोक्याला हात लावून उभी. साहेबांनी सगळं ऐकलं आणि लेखणी दौतीत बुडवली.

"देखो, मकान खडा है लिखूँ तो लिखना पडेगा कि खुद गिरदावर उसके नीचे सोया. फिर साहब लोग पूछेंगे, ड्यूटी पे सोया कैसे? गिर गया, ये अच्छा है." मग त्यांनी वीरप्पाकडं पाहिलं. "और मालिक के दिमाग़ का, वो तो सही लिखा है."

तेवढ्या पंचनाम्यावर अठरा पत्र्यांचा परवाना मिळाला. जाताना साहेबांनी उरलेली हुग्गी फडक्यात बांधून नेली.

माळवद मग हातानंच उतरवावं लागलं. कुदळीनं फोडून, टोपल्यांनी वाहून. सव्वा महिना लागला. निघालेली माती गावानं आपापल्या शेतात आणि माळवदांवर नेली. थरावर थर होते. एखाद्या थरात कारळ्याची मुळं, एखाद्यात लिंबोळ्या, कुठल्या तरी साली तुटलेलं नागप्पाचं धुमसही निघालं.

शेवटची टोपली खाली गेली त्या दिवशी लिंबाजी आत एकटाच उभा होता. रुद्रम्मा त्याला ताक द्यायला गेली. वर आभाळ दिसत होतं आणि तुळया उघड्या पडल्या होत्या. एकदम मधली तुळई कण्हल्यासारखी वाजली. रुद्रम्मा मागं सरली. पण तुळई खाली आली नाही, वर गेली. आधी एक बोट, मग दोन, आणि त्या दिवसभरात चांगली वीतभर वर आली. चाळीस वर्षांचं ओझं उतरलं तसं सागवान पुन्हा सरळ होत होतं.

लिंबाजीनं ताकाचं भांडं खाली ठेवलं. तुळईवरून हात फिरवला. त्याचे डोळे भरले. म्हणाला, "आक्का, खरं सांगतू. ह्याच्यावर वीतभर माती घाला. आनखी पन्नास वर्सं हालत न्हाय. पत्र्याची गरज न्हाय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. रुद्रम्माला ते तिथंच कळलं होतं. पण अंगणात सोलापूरहून आलेले अठरा पत्रे उन्हात चमकत होते, पेठेतली प्रत्येक बाई त्यात तोंड बघून गेली होती, आणि त्यांच्यापायी तिनं नवऱ्याच्या डोक्याला इजा करवून घेतली होती.

"पत्रा टाक," ती म्हणाली.

लिंबाजीनं आयुष्यात पत्रा ठोकला नव्हता. भोकं चुकीच्या जागी पाडली, मग ती डांबरानं बुजवली. वारा आला तर उडू नये म्हणून वर धोंडे ठेवले. वैशाख लागता लागता काम पुरं झालं. घर लांबून असं चमकायचं की नळदुर्गाहून येणारे गाडीवान बैलांच्या डोळ्यांवर फडकी बांधायचे.

पहिल्या दुपारी वीरप्पा आत गेला आणि लगेच बाहेर आला. "अगं, आत तवा झालाय."

"तुमास्नी सवय न्हाय."

ती स्वतः हट्टानं आत बसली. कपाळावरून घाम गळ्यात, गळ्यातून पोटात. तांब्यातलं पाणी कोमट झालं. घटकाभरानं तिनं सूप उचललं आणि निवडायला म्हणून लिंबाखाली आली. दुसऱ्या दिवशी सुपाबरोबर घोंगडी आणली. तिसऱ्या दिवशी जेवणच तिथं मांडलं. मग सगळा वैशाख नवरा-बायको दुपारभर लिंबाखाली आणि संध्याकाळ झाली की गोठ्यात म्हशीशेजारी. घर चकचकीत, स्वच्छ, रिकामं.

शांतम्मानं एकदा खोचून विचारलं, "काय रुद्रम्मा, घर बांधलं आन् भाईर का बसताय?"

रुद्रम्मानं सुपातला खडा निवडून लांब फेकला. "आमच्या ह्यांच्या डोक्याला लागलंय, म्हाईत हाय न्हवं. त्यास्नी हवा लागती."

शेजारी आडवा पडलेल्या वीरप्पानं डोळेही न उघडता मान हलवून होकार दिला. खोटं म्हणण्यासारखं ते त्याचं पहिलंच होतं. रुद्रम्मानं सूप खाली ठेवलं आणि पदरानं त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकलल्या.